सत्तावन्न नंबरची गोचीड

गोचीडतापाने विभावरीची कुत्री बुंदी मलूल झाली होती. चार दिवस तिने दूधभाताला तोंड लावलं नव्हतं. विभावरीने तिच्या कानामागची गोचीड काढून भिंगाखाली धरली, तर गोचिडीच्या पाठीवर बारीक आकडा छापलेला!

गोचीड डबीत घालून, बुंदीला उचलून ती थेट म्हैसकरकाकांच्या दवाखान्यात गेली. पिल्लू असल्यापासून बुंदीला तेच तपासत.

"काका, ही गोचीड प्रयोगशाळेतली आहे!"

"सत्तावन्न नंबर ना?" डबी न उघडताच काका म्हणाले. "ती चावली की लस टोचली जायला हवी होती. ताप यायला नको होता गं."

"तुम्ही सोडलीत? माझ्याच बुंदीवर का?"

"तपासणीची तारीख तू एकटीच कधी चुकवत नाहीस, म्हणून. यावरचं औषधही फक्त माझ्याकडेच आहे. ठेव तिला टेबलावर."

विभावरीने बुंदीला टेबलावर ठेवलं, पण पट्टा हातातून सोडला नाही.