डोळ्यांतलं अंतर

काडेपेटीतली गोमाशी भिंगाखाली धरण्याआधीच कुमुदने ती घेऊन आलेल्या पोतनिसांना ओळखलं. काही वर्षांपूर्वी गिरगावात लग्नासाठी तिला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला चालवून पाहिलं, केस सोडायला लावले आणि तिच्यादेखत वडिलांना सांगितलं, "दोन डोळ्यांत अंतर फार आहे हो. कळवतो." कळवलं मात्र कधीच नाही. आज परळच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेबाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गरजत होता. आत पोतनीस हात जोडून उभे होते. त्यांच्या गोठ्यातल्या म्हशी तापाने झिजत होत्या. "नराचे डोळे चिकटलेले असतात. हिच्या डोळ्यांत अंतर आहे," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे मादी. रक्त हीच पिते, ताप हीच पसरवते." म्हशींचं औषध तिने लगेच बांधून दिलं. "पण हिचे पंख चुरगळलेत. दुसरी धडधाकट आणा. सदरा काढून गोठ्यात बसा, पोटभर पिऊ द्या, मग धरा." "मला काही होणार नाही ना?" "कळवते."