आभाळात आमचं काही नव्हतं

"वाचा, भाऊ," म्हणत रंजितानं पाकीट थेट कीबोर्डवर ठेवलं.

हेमेंद्रनं ते फोडलं. हे सातवं. कुडव्यातल्या त्याच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात दोन वर्षं हाच कारभार चालला होता. माहिती अधिकाराचा अर्ज तो टाइप करायचा, ती सही करायची, आणि महिना-दोन महिन्यांनी नकार घेऊन पुन्हा यायची.

"आपण नमूद केलेल्या पाच प्रकाशमान वस्तूंबाबत या कार्यालयाकडे नोंद नाही," त्यानं वाचलं. "सदर सायंकाळी आकाशात या कार्यालयाचे विमान, फुगा वा अन्य काहीही नव्हते."

"म्हणजे या हापिसाचंबी काई नव्हतं," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून पिशवीतल्या सहा कागदांवर ठेवून दिली. रडणं नाही, चिडणं नाही. एकदा तरी सरकारच्या नावानं बोटं मोडली असती, तर हेमेंद्रला जरा बरं वाटलं असतं.

ते सारं घडलं २०१०च्या नोव्हेंबरात. दिवेलागणीच्या वेळी दवनीवाड्याच्या लोकांनी नदीकडून तरंगत येणारे चार तांबडे दिवे पाहिले. ना आवाज, ना घाई. त्यातले तीन गावावरून निघून गेले. चौथा खाली आला तो नेमका अश्विनच्या पुंजण्यावर, वर्षभराचं धान रचून ठेवलं होतं त्यावर. अश्विन धान वाचवायला धावला आणि भाजला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. रंजिता त्याची बायको.

मग काय विचारता. पेपरात छापून आलं, 'दवनीवाड्यावर चार गूढ दिवे'. नागपूरहून टीव्हीवाले आले. मनिराम पानवाला म्हणे तबकडीच होती, बिसराम गुरुजी म्हणत लष्कराची चाचणी. दोघांचं बोलणं बंद झालं, ते आजवर बंद आहे. गोंदियात तर सभाच भरली, 'सरकार काय लपवून राहिलं?' या नावाची. कोणीतरी चार दिव्यांचं मोठं चित्र काढून मंचामागं टांगलं होतं. माईक फिरत फिरत हेमेंद्रच्या हाती आला, तेव्हा त्यानंही ठोकून दिलं.

"सरकारले सब मालूम हाये. सांगून नाई राहिलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या रंजितानं मात्र टाळी वाजवली नाही. त्या दिवशी घरी जाऊन हेमेंद्र जेवला नाही.

जेवण जाणार कसं? त्याला सगळं ठाऊक होतं. दिवे दिसले त्या दिवशी त्याच्या पोरीचा, रिंकीचा, वाढदिवस होता, पाचवा. नागपूरच्या बाजारात उडते कागदी कंदील नवेच आले होते; पोरीच्या एकेका वर्षाला एक, असे त्यानं हौसेनं आणले. नदीकाठच्या शेतात केक कापून त्यानं स्वतःच्या हातानं ते पेटवले. पहिलाच मोहाच्या झाडात अडकून विझला, तेव्हा पोरगी हिरमुसली. बाकीचे वर चढले, वाऱ्यानं गावाकडं वळले, आणि ते दिसेनासे होईस्तोवर पोरगी टाळ्या पिटत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, तुलसानं, कंदिलांचं खोकं चुलीत घातलं. "तुमी जेलात गेले त या पोरीनं कोणाकडं पाहायचं?" एवढंच ती म्हणाली. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आणि महिन्याभरानं रंजिता दुकानात आली. दहावी शिकलेली, सारं स्वतः वाचणारी. पण अर्जाची भाषा तिला येत नव्हती. "आभाळात कोणाचं काय होतं, मले एकेकाले विचारायचं हाये," म्हणाली. हेमेंद्रनं तिच्याकडून एक पैसा घेतला नाही. विमानतळ, हवाई दल, हवामान खातं, कलेक्टर कचेरी, दिल्लीपर्यंत अर्ज धाडले. प्रत्येक नकाराला त्याचा जीव भांड्यात पडे आणि मग स्वतःचीच किळस येई. कोणीतरी चुकून 'हो, आमचंच होतं' असं लिहून टाकावं, म्हणून तो नवसही बोलला होता.

"वहिनी, सरकार लपवणारच," तो आता म्हणाला. "सोडा आता. कायले जिवाले तरास करून घेता?"

"सरकारनं काई नाई लपवलं, भाऊ."

त्यानं वर पाहिलं.

"मी तबकडी म्हटली का कधी? मले एकेक दार बंद करून पाहायचं होतं. विमानवाले नाई म्हणते, मिलिटरीवाले नाई म्हणते, हवामानवाले नाई म्हणते. मंग इथल्याच कोणाचं तरी असन." तिनं खुर्ची पुढं ओढली. "आखरी अर्ज टाइप करा. पोलीस ठाण्याले."

तो टाइप करू लागला. तारीख, वार, गाव.

"चार दिवे दिसले, लिवा. साऱ्या गावानं चारच पाहिले."

त्यानं 'चार' टाइप केलं.

तिनं पिशवीच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. पहिल्या अर्जाची झेरॉक्स, त्याच्याच मशीनवरची. एका शब्दाखाली पेनाची रेघ होती.

"मी तुमाले चारच सांगितले होते. पाच तुमी लिवले. सही करतानाच दिसलं मले, पन वाटलं, भाऊची चूक झाली असन. म्हणून पयले साऱ्यांले विचारून घेतलं."

तिनं कीबोर्ड त्याच्याकडं सरकवला.

"पाचवा कुठं विजला, तेवढं लिवा."