तिसरी खुर्ची

बाबांचे हात थरथरायला लागले, तसं त्यांचं घरांचे नकाशे काढणं सुटलं आणि हळूहळू बोलणंही कमी झालं. माउस त्यांना धरवत नसे, पण एका बोटाने टाइप करता येई. म्हणून लेकीने नकाशे काढायचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्या पोटात लिस्प ही जुनी संगणकभाषा बसवली. खाली एक ओळ लिहिली, की वरच्या खिडकीत भिंत उभी राहायची.

पहिल्याच सकाळी बाबांनी आपलंच घर काढलं. स्वयंपाकघर, टेबल, खुर्च्या.

"आपण दोघंच ना? मग तिसरी कशाला?" तिने विचारलं.

"मी दोनच लिहिल्यात."

ओळीत खरंच दोनच होत्या. तिने तिसरी पुसली. पुढची ओळ लिहिताच ती परत आली, टेबलाच्या आणखी जवळ.

आपल्याच जोडणीत काहीतरी गफलत झाली असणार, असं म्हणून तिने लिस्प काढूनच टाकलं. आता त्या प्रोग्रॅमला साधी रेघही काढता येणार नव्हती. तिने तो पुन्हा सुरू केला. कोऱ्या खिडकीत फक्त ती खुर्ची होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी तिरकी.

"बाबा, बंद करते हं हे."

बाबांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. तिच्या पाठीमागच्या दाराकडे बघत ते म्हणाले,

"या ना, उभे का? ही माझी लेक. हिनेच तुम्हाला आत घेतलं."