पारी तेवढीच

धोंड्याच्या महिन्यात गणिताचे मास्तर ज्ञानेश्वरराव चिखलीहून जानेफळला सासुरवाडीला आले. आहेराचा नवा सदरा त्यांना अगदी मापात बसला. ताटातले चपटे धोंडे पाहून मात्र मास्तरांना राहवलं नाही. ते सासूबाई विमलबाईंना म्हणाले, “मामी, पारी तेवढीच घ्या, पण धोंडा गोल करा. गोलात पुरण सगळ्यात जास्त मावते.”

विमलबाईंनी ते मनावर घेतलं. जावयांचा मुक्काम होता तोवर रोज गोल गरगरीत धोंडे, वर तुपाची धार.

निघायच्या दिवशी सदऱ्याच्या गुंड्या काही केल्या लागेनात. “मामी, धुतल्यावर कापड आटलं वाटते.”

विमलबाईंनी तोंडाला पदर लावला.

 

“कापड तेवढंच हाय, जवाईबापू. पुरण जास्त मावलं!”