वेगळी बॅटरी

धर्माजी तांडेल वारले, तेव्हा त्यांचं मन बोटीवरच्या पेटीत उतरवून घेतलं होतं. तिथूनच ते बोलत, वाट दाखवत. इंजिन सुरू होताना विजेचा दाब घसरला तर पेटीतलं मन कायमचं पुसलं जाईल, म्हणून सून चांगुणानं पेटीला वेगळी बॅटरी जोडली होती.

आज इंजिनाच्या मोठ्या बॅटरीत पाणी शिरलं. इंजिन बंद पडलं आणि चांगुणा व चार खलाशांसह बोट खडकांकडे सरकू लागली.

"माझी बॅटरी काढून इंजिनाला लाव," धर्माजी म्हणाले.

"मामंजी, तुम्ही परत येणार नाही."

"ठाऊक आहे. काळी तार आधी सोडव."

तिनं सोडवली. इंजिन सुरू झालं.

बोट धक्क्याला लागताच सासूबाई रोजच्यासारख्या पेटीजवळ येऊन बसल्या.

"आज उशीर झाला हो. दमलात?"