चार अंश

वहीत फेब्रुवारीच्या तीस तारखेलाही चार अंश होते.

लसीकरण विभागाच्या साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीस फेब्रुवारी, सकाळी चार, संध्याकाळी चार, शेजारी आरोग्य केंद्राचं भांडार सांभाळणाऱ्या बाईंची सुबक सही. लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा काट्यावर बघायचं आणि वहीत उतरवायचं. दोन ते आठच्या मधे असलं म्हणजे लस शाबूत. या वहीत सहा वर्षं चाराचे पाच झाले नव्हते. वीज गेली तरी चार, सुट्टीला दाराला कुलूप होतं तरी चार. असल्याच वह्यांच्या जोरावर साहेबांच्या विभागाला ‘अचूक माहिती’साठी ढाल मिळाली होती, आणि त्या ढालीखाली बसून ते दर आठवड्याला कर्मचाऱ्यांना नोंदींची शिस्त शिकवत.

काटा आज अकरावर होता. उष्णता लागली की काळा पडणारा ठिपका प्रत्येक कुपीवर असतो. वरच्या कप्प्यातले सगळे ठिपके तव्यासारखे झाले होते.

“कधीपासून बिघडलाय?” साहेबांनी विचारलं.

“सकाळी ठिपके बघितले तेव्हा कळलं. म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

“आणि काल काट्यावर किती होतं?”

“काटा कोण बघतं, साहेब? बघून तरी काय करायचं, लिहायचं तर चारच.”

सोमवारी हा साठा आला, तेव्हापासून एकशे दहा मुलांना याच फ्रिजमधली लस टोचली होती. त्यांतल्या किती जणांच्या दंडात लस गेली आणि किती जणांच्या नुसतं पाणी, हे सांगू शकणारी एकच वस्तू होती. ती चार म्हणत होती.

साहेबांनी बॅगेतून निलंबनाचा कागद काढला. बाईंचं नाव त्यांनी निघण्यापूर्वीच टाइप करून घेतलं होतं, ‘कारण’पुढची जागा तेवढी कोरी होती. बाईंनी तो टेबलापलीकडून उलटा वाचला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माणूस उलटं वाचायला शिकतोच. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

“कारण भरायचंय,” साहेब म्हणाले. “न बघता आकडे ठोकायला तुम्हाला कुणी शिकवलं, तेवढं सांगा.”

बाईंनी वाद घातला नाही. कपाट उघडलं, सहा वर्षांपूर्वीची फाइल काढली, पदराने धूळ झटकली आणि एक पान पुढे ठेवलं. आठवड्याचा अहवाल. मंगळवारी नऊ अंश. त्या नवाभोवती लाल शाईचा गोल, आणि समासात तिरक्या अक्षरात, ‘ताबडतोब दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’ खाली साहेबांचीच सही. तेव्हा ती जरा लांबलचक असे.

“मी त्याच दिवशी दुरुस्त केलं,” बाई म्हणाल्या. “नवाचे चार केले. तुमचा ‘ठीक’ असा शेरा आला.”

“अहो बाई, मी फ्रिज दुरुस्त करा म्हटलं होतं.”

“पुन्हा सादर करावे लिहिलंय, साहेब. फ्रिज कसा सादर करणार?” मग त्यांनी सांगायचं म्हणून सांगितलं, “तो मी दोन दिवसांनी माणूस बोलावून नीट करून घेतला. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.”

साहेब समासातल्या त्या वाक्याकडे बघत बसले. काय दुरुस्त करायचं ते त्यात कुठेच नव्हतं. असली वाक्यं त्यांनी आयुष्यात पोत्याने लिहिली होती. बाकीच्या वीस केंद्रांतूनही कायम चारच येतात, हे त्यांना आत्ता आठवलं. ती वीस केंद्रं त्यांचं अक्षर चांगलं ओळखत होती.

त्यांनी निलंबनाचा कागद पुन्हा बॅगेत सारला. वही ओढली, आजच्या तारखेसमोर अकरा लिहिलं आणि खाली दोन ओळी घातल्या. ‘यापूर्वीचे आकडे काटा न बघता लिहिलेले आहेत. सोमवारपासूनच्या एकशे दहा मुलांना मी पुन्हा बोलावत आहे.’ मग सही केली.

बाईंनी ते सुलट वाचलं. स्वतःच्या नोकरीसाठी न उतरलेला त्यांचा चेहरा आता उतरला.

“हे वर जाणार, साहेब.”

“जाऊ दे.”

“वरचे साहेब अकराला गोल करतील. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे म्हणून परत पाठवतील.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“मग करू की पुन्हा सादर,” ते म्हणाले. “अकराच.”