बत्तिसावं मत

एकतीस कागद वाचून होईपर्यंत शाळेतली सभा मजेत चालली होती. गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा ठरायचा होता. आराखड्याच्या कचेरीतून आलेल्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "नाव घालू नका. मनात असेल ते मोकळेपणाने लिहा आणि पेटीत टाका." मतं वाचायला त्यांनी निवृत्त पोस्टमनकाकांना उभं केलं; आवाज खणखणीत, आणि गावात कुणाशी वाकडं नाही. कुणी वळणावर दिवा मागितला होता, कुणी बसथांब्याला छप्पर. एकाने लिहिलं होतं, 'शेजाऱ्याच्या कोंबड्याला आराखड्यात जागा द्या, नाहीतर मी देतो.' सगळे खो खो हसले. खाण वाढवायला मात्र कुणाचीच ना नव्हती. असणार कशी? निम्म्या गावाच्या चुली त्या खाणीवर पेटत होत्या.

काकांनी बत्तिसावा कागद उलगडला. पस्तीस वर्षं या गावाची पाकिटं हाताळलेला माणूस. कुणाचं अक्षर कोणतं, हे त्यांना चालीवरून माणूस ओळखावा तसं कळायचं. आधीचे एकतीसही त्यांनी ओळखले होते आणि पोटात ठेवले होते. 'ळ' काढताना पेन कागदात रुतवणारा गावात एकच. खाणीवरचा सुरुंगवाला. तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

पुढे काय आहे ते माहीत नसल्यामुळे काका मोठ्याने वाचत गेले.

"खाण वाढवू नका. गेल्या वर्षी ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला माणूस लगेच मेला नव्हता. बराच वेळ आतून आवाज येत होता. ते ऐकूनही मुकादमाने दुसरा बार उडवायला सांगितलं. आणि बार उडाला."

पुढच्या खुर्चीवर त्या माणसाची म्हातारी आई बसली होती. तिने फक्त पदर सावरला.

मुकादम उठला, दाराशी गेला आणि आतून कडी घातली.

"त्या दिवशी खाणीत अकरा जण होते," तो म्हणाला. "अकराही इथे बसलेत. काका, हातच्या काकणाला आरसा कशाला? अक्षर कुणाचं ते सांगा."

"पस्तीस वर्षांत मी कुणाचं पाकीट फोडलं नाही. आता म्हातारपणी कशाला फोडू?"

"अहो, मतं गुप्त आहेत!" कचेरीच्या बाई मध्ये आल्या. मुकादमाने त्यांना एका हाताने बाजूला सारलं. त्या हातातल्या नकाशासकट भिंतीवर आदळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

पहिली थप्पड मुकादमाची. काकांचा चष्मा उडून बाकाखाली गेला. काका टेबलाला धरून उभे राहिले, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तेवढ्यात सुरुंगवाला बाक ओलांडून आला. "लाज नाही वाटत?" असं ओरडत त्याने काकांच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. काकांना सगळं समजलं. मारणाऱ्यावर कोण संशय घेणार? दुसऱ्या ठोशाला ते खाली कोसळले. मग बरगडीत लाथ बसली, आतून काहीतरी कटकन मोडलं आणि श्वास अर्ध्यावरच अडकला. अजून दोघं-तिघं धावून आले. काही जण नुसतेच, आपणही मारतोय हे मुकादमाला दिसावं म्हणून. पण जिवाच्या आकांताने मारत होता तो एकटा सुरुंगवाला. दरवेळी वाकून विचारायचा, "कुणी लिहिलं? सांगा ना! सांगून टाका ना, काका!"

मुकादमाने विचारलं होतं तो हुकूम होता. हा गयावया करत होता. त्याच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. काकांनी ओठ मिटून घेतले.

"पुरे," म्हातारी म्हणाली.

आवाज काही मोठा नव्हता. तरी हात थांबले. ती जवळ आली आणि गुडघ्यावर हात रोवून खाली बसली.

"भावोजी, खरं आहे का हे?"

"खरं आहे, वहिनी." तोंडातलं रक्त फरशीवर सांडलं.

"लिहिलं कुणी?"

"ज्याने ऐकलं, त्याने."

ती उठली. पहिल्या बाकापासून सुरुवात केली. समोरच्या गड्याची हनुवटी धरून तिने तोंड वर केलं. "तू होतास ना रे? काय म्हणत होता माझा लेक?" त्याने डोळे मिटले. ती पुढच्याकडे गेली. "तू? शेवटचं काय बोलला?"

"डोकं फिरलंय हिचं," मुकादम म्हणाला. "घरी न्या रे कुणीतरी."

कुणी जागचं हललं नाही. ती एकेकाची हनुवटी उचलत राहिली. कुणी खाली बघितलं, कुणी खिडकीबाहेर. एकाने तोंडावर रुमाल धरला. काकांचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने त्यांना फक्त पाय दिसत होते. म्हातारीचे पाय सावकाश फिरत आले आणि त्यांच्या उशाशी, सुरुंगवाल्यासमोर थांबले.

तिने हात उचलायच्या आतच तो म्हणाला, "मला हाक मारत होता."

म्हातारीने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"थांब म्हणत होता. माझं नाव घेऊन."